पोटात घालणे

हिउमा बेटावरच्या डेअरीत दुधाचं वजन नोंदलं गेलं
की कॉम्प्युटर भुंकतो.
म्हणजे मुरी भुंकते. हेल्दुरची कुत्री,
तिला जाऊन नऊ वर्षं झाली.
तिचा पावणेदोन सेकंदांचा आवाज
त्यानं कॅसेटवरून उतरवून जुन्या प्रोग्रामला दिला होता.
तेव्हापासून तिथं भुंकणं हीच पावती:
भुंकलं की कॅन उचलायचा,
मागच्याला जागा द्यायची.

नवा प्रोग्राम मी लिहिला, इकडे हापसालूत,
समुद्राच्या या काठाला.
माझ्या टेबलावर तो झकास भुंकला, तीसदा, चाळीसदा,
वरच्या मजल्यावरच्या बाई विचारायला आल्या,
कुत्रं कधी आणलंस?

फेब्रुवारीत समुद्र गोठतो, बर्फावरून रस्ता सुरू होतो.
सव्वीस किलोमीटर. पट्टा सोडून बसायचं,
थांबायचं नाही,
आणि मधल्या वेगानं जायचं नाही.
एक तर रमतगमत, नाहीतर सुसाट.
मधल्या वेगाला खालचं पाणी लाट धरतं.
माझ्या खिशात पेन ड्राइव्ह, त्यावर एकच फाइल.

डेअरीत लेम्बींनी कॅन ठेवला.
पडद्यावर आकडा आला, एकोणचाळीस किलो चारशे,
तारीख पडली, नोंद झाली.
आवाज नाही.
लेम्बी उभ्याच.
त्यांच्यामागे अकरा माणसं, अकरा तोंडांची वाफ.
मी म्हटलं, झालंय की, आकडा दिसतोय ना?
त्या म्हणाल्या, आकड्याचं काय,
आकडा कोणीही लिहील.

चूक माझी, आणि अगदी बाळबोध.
आवाजाची फाइल मी प्रोग्रामच्या शेजारी ठेवली होती,
पोटात नाही.
माझ्याकडे दोघं एकाच फोल्डरात नांदत होते,
मला वाटलं, एकच आहेत.
शेजारचं आणि पोटचं यातला फरक
सव्वीस किलोमीटर गेल्यावर कळतो.

परत बर्फ. या खेपेला सुसाट.
रात्री फाइलच्या गुणधर्मांत एक ओळ बदलली:
एम्बेडेड रिसोर्स.
वाटलं, संपलं.
चालवलं तर मुकं.
आत गेल्यावर ती नुसती मुरी राहत नाही,
सासरची नावं लागतात. आधी प्रकल्पाचं, मग टिंब,
मग फोल्डरचं, परत टिंब, मग ती.
तिचा एम मोठा की लहान, यावरूनही रुसवा.
चुकीच्या नावानं हाक मारली
तर प्रोग्राम ओरडत नाही, चूक दाखवत नाही,
नुसती रिकामी ओंजळ पुढे करतो.
पहाटे तीनला मी आतल्या सगळ्यांची हजेरी घेतली,
तेव्हा यादीत सापडली, पूर्ण नावानिशी.
तसं बोलावलं.
वरच्या बाईंनी जमिनीवर काठी आपटली.

प्रोग्राम एक्याण्णव केबींनी जड झाला होता.
पेन ड्राइव्ह तेवढाच.

हेल्दुर दारातच उभा होता.
आता आत आहे?
म्हटलं, आत आहे. फोल्डर पुसा, मशीन बदला,
मी उद्या या बर्फाखाली गेले तरी आत आहे.
तो काही बोलला नाही.
जुन्या प्रोग्रामचा मूळ कोड त्याच्याच हातून हरवला होता,
म्हणून तर मला सगळं पहिल्यापासून लिहावं लागलं.
ते मी कधी काढलं नाही.
तेही एक पोटात घातलंय.

रांग अजून लागायची होती, कॅन नव्हता,
चाचणीला काट्यावर पेन ड्राइव्हच ठेवला.
काटा शंभर ग्रॅमच्या खालचं काही मानत नाही.
शून्य.
नोंद झाली, आणि मुरी भुंकली.
हेल्दुरनं टोपी काढली, परत घातली,
म्हणाला, कान गार पडलेत.

ती नोंद मी पुसायला गेले,
त्यानं माउस बाजूला सरकवला.
अजून रजिस्टरात आहे, लेम्बींच्या ओळीच्या वर:
व्हिर्वे टामसालू, सकाळचं दूध,
शून्य किलो.